लिंगपुष्टी शस्त्रक्रियेनंतर मन खचतं तेव्हा : ट्रान्स स्त्रियांसाठी पहिल्या वर्षाची तयारी

वेणू_मिरज

आमच्या मदतगटात व्हजायनोप्लास्टीची (योनी घडवण्याच्या शस्त्रक्रियेची) तारीख मिळालेल्या आणि नुकतीच सर्जरी झालेल्या बऱ्याच जणी आहेत. सर्जरीआधी काय काय करायचं ते प्रत्येकीला तोंडपाठ असतं : रक्ततपासण्या, मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, पैशांची जुळवाजुळव, सोबतीला कोण राहणार. नंतरचं सगळं मात्र डिस्चार्ज कार्डावरच्या चार ओळींत आटपतं. गोळ्या, ड्रेसिंग, डायलेशन (नवी योनी आकसू नये म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी ठरावीक वेळ आत ठेवणं), पुढची तारीख. मनाबद्दल एक अक्षर नाही.

आणि तिसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या सुमाराला तेच तेच प्रश्न यायला लागतात. इतकं रडू का येतंय? एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, तरी आनंद का होत नाही? म्हणजे माझा निर्णयच चुकला का?

गटासाठी मराठीत एक पानी पत्रक करायचं आहे. "काळजी घ्या, सकारात्मक राहा" या छापाचं नको. काय होतं, केव्हा होतं, कशामुळे होतं आणि तेव्हा नेमकं करायचं काय, एवढंच हवंय. इथे या विषयात काम करणारे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला. एक विनंती : स्वतःचे किंवा ओळखीतल्या कुणाचे किस्से आणि हॉस्पिटलांची नावं टाकू नका. आपलं वर्तुळ लहान आहे, कुणाची ओळख उघडी पडायला वेळ लागत नाही.

निशिगंधा

सर्जिकल वॉर्डातलं काम हे माझं क्षेत्र, तेव्हा पहिल्या पंधरवड्याचं सांगते.

पहिले पाच-सात दिवस आत पॅकिंग (जागा धरून ठेवणारा बोळा) असतं आणि लघवीची नळी असते. उठायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, पाठीवरच झोपायचं. झोप तुकड्यातुकड्यांत होते. भुलीचा आणि वेदनाशामकांचा अंमल असतो. रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. यात भर म्हणजे बऱ्याच ठिकाणी सर्जरीच्या दोन ते चार आठवडे आधी इस्ट्रोजेन (स्त्री-संप्रेरक, म्हणजे हार्मोन) बंद करायला सांगतात. एवढं सगळं एकाच आठवड्यात अंगावर आल्यावर रडू येणं हे शरीराचं गणित आहे. "आता का रडतेस, झालं ना मनासारखं?" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा हे गणित त्यांनाही समजावून सांगावं लागतं.

पत्रकात ठळक टाका :

नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर सर्जरीआधी स्वतःच्या मनाने बंद करू नका. भूलतज्ज्ञाला नाव आणि डोससकट सांगा. कारण वेदनेसाठी ट्रॅमाडॉल सर्रास देतात, आणि सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम अशा नैराश्याच्या गोळ्यांच्या जोडीला ट्रॅमाडॉल आलं की सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो. अंग थरथरतं, दरदरून घाम येतो, जुलाब होतात, अस्वस्थपणा येतो, स्नायू ताठरतात. बाहेरून ते "घाबरलीय" असं दिसतं आणि औषधाकडे कुणाचं लक्षच जात नाही. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणारीने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नये, लिथियमची रक्तातली पातळी चढते.

बद्धकोष्ठतेला क्षुल्लक समजू नका. वेदनाशामकं आणि लोहाच्या गोळ्या दोन्हींनी ती होते, कुंथलं की टाक्यांवर ताण येतो, मग भीतीपोटी बायका जेवणच कमी करतात, आणि अशक्तपणातून मन आणखी खाली जातं. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा लॅक्टुलोज.

ग्रंथीवैद्य

निशिगंधाताईंनी इस्ट्रोजेनचा विषय काढलाच आहे, तो पुरा करतो. मनाच्या तक्रारींपैकी मोठा भाग इथे सुटतो आणि तपासला मात्र सगळ्यात शेवटी जातो.

वृषण काढल्यावर शरीरात टेस्टोस्टेरॉन (पुरुष-संप्रेरक) जवळजवळ शून्यावर येतं. त्याच वेळी बाहेरून घेतलेलं इस्ट्रोजेनही बंद असेल तर शरीराकडे कुठलंच लैंगिक संप्रेरक उरत नाही. अंगातून वाफा, रात्री घाम, झोप उडणं, चिडचिड, कशातच रस नसणं ही त्या अवस्थेची लक्षणं आहेत, आणि ती नैराश्यासारखीच दिसतात. तेव्हा "इस्ट्रोजेन पुन्हा कधी सुरू करायचं" याची तारीख डिस्चार्जच्या वेळी कागदावर लिहून घ्या. तोंडी "बघू नंतर" ऐकून घरी जाऊ नका. हल्ली काही सर्जन ते बंदही करत नाहीत. रक्ताच्या गुठळीचा धोका प्रत्येकीचा वेगळा असतो, त्यामुळे निर्णय डॉक्टरांचाच, पण प्रश्न तुम्ही विचारायचा.

याच्या उलट चूकही नेहमी दिसते. सर्जरीआधीची चिठ्ठी तशीच पुढे चालू राहते आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन घेणं सुरूच राहतं. वृषण नसताना टेस्टोस्टेरॉन अडवायच्या गोळीचं काम राहिलेलं नसतं. स्पायरोनोलॅक्टोनने रक्तदाब उतरतो, चक्कर येते, सारखी लघवी होते, पोटॅशियम वाढू शकतं. सायप्रोटेरॉनने तर काही जणींचं मन थेट खाली जातं.

साधारण तीन महिन्यांनी रक्तातलं इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) आणि टेस्टोस्टेरॉन तपासा. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत इस्ट्राडिऑल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असा पल्ला दिला आहे. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी असाल तर बी-१२ सोडूच नका.

आणि कळकळीने सांगतो : मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून, दिवसाला तीन-चार घेऊन "हार्मोन चालू आहे" असं समजू नका. त्यात एथिनिल इस्ट्राडिऑल असतं. त्याने गुठळीचा धोका बराच जास्त वाढतो, आणि इस्ट्राडिऑलच्या तपासणीत ते नीट मोजलंही जात नाही. म्हणजे अंदाज ना तुम्हाला, ना डॉक्टरांना.

शिरीष_क

माहिती चांगली आहे, पण मला हा धागाच खटकतोय. "सर्जरीनंतर नैराश्य येतं" असं जाहीर लिहिलं की विरोधकांच्या हाती कोलीत मिळतं. उद्या एखादीचे आईवडील हेच दाखवून म्हणतील, बघ, नको करूस. या गोष्टी बंद दाराआड समुपदेशकाने सांगाव्यात.

रानमोगरा

@शिरीष_क, बंद दाराआड सांगायला समुपदेशक गाठीशी असावा लागतो. तालुक्याच्या गावातून एसटीने सर्जरीला येणारीने काय करायचं? आधी कुणी काही सांगितलेलं नसलं की पाचव्या आठवड्यातल्या रडण्याचा अर्थ ती एकटीच लावते, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा लावते.

कोयनाकाठ

शिरीष यांची भीती खोटी नाही, पण लपवाछपवीने ती जाणार नाही. आकडेवारी नीट माहीत असणं हेच त्यावर उत्तर आहे.

विरोधक सर्वात जास्त वापरतात तो स्वीडनचा २०११ चा अभ्यास. १९७३ ते २००३ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ३२४ जणांची तुलना त्यात सर्वसाधारण लोकसंख्येशी केली होती, आणि आत्महत्येचं प्रमाण पुष्कळ जास्त आढळलं. यावरून "सर्जरीने माणसं आत्महत्या करतात" असं सांगितलं जातं. पण सर्जरीची गरज असून ती न झालेल्यांशी तुलना त्यात नव्हतीच. सर्जरी उपयोगी की निरुपयोगी हे या आकड्यांवरून ठरवू नये, असं त्या संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे. त्यातून जे दिसतं ते एवढंच, की सर्जरीनंतरही या लोकांना मानसिक आधाराची गरज असते. म्हणजे वेणूताईंचा मुद्दाच.

दुसरीकडे २०२१ चं एक एकत्रित विश्लेषण आहे. २७ अभ्यास, ७,९२८ व्यक्ती, आणि पश्चात्तापाचं प्रमाण सुमारे १ टक्का. आपल्या बाजूचे लोक हा आकडा झेंड्यासारखा नाचवतात. तोही सांभाळून वापरावा. पश्चात्ताप मोजायच्या पद्धती प्रत्येक अभ्यासात वेगळ्या आणि पाठपुराव्यातून निसटलेली माणसं पुष्कळ. अमेरिकेच्या २०१५ च्या मोठ्या सर्वेक्षणावरचा २०२१ चा अभ्यास सांगतो की सर्जरी झालेल्यांत तीव्र मानसिक त्रासाची शक्यता, सर्जरी हवी असून न मिळालेल्यांपेक्षा कमी होती. पण तेही एका वेळचं चित्र, कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. २०२० साली स्वीडनच्याच एका अभ्यासाचा "वर्षागणिक फायदा वाढतो" हा निष्कर्ष आक्षेपांनंतर संशोधकांना मागे घ्यावा लागला होता. म्हणून पत्रकात फुगवलेले दावे नकोत. ज्यांना तिची गरज असते त्यांतल्या बहुसंख्य जणींना सर्जरीने समाधान मिळतं, पहिले महिने जड जातात, आणि एकटेपणा, मारहाण, बेकारी यांवर सर्जरी हा इलाज नाही. एवढं म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

पारिजात

कोयनाकाठ यांच्याशी सहमत. समुपदेशक म्हणून तीन गोष्टी वेगळ्या काढून दाखवते. बाई एकाच वाक्यात तिन्ही बोलते आणि ऐकणारा गोंधळतो.

पहिली, शस्त्रक्रियेनंतरची उतरती कळा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत येते, लाटांसारखी येते-जाते, चांगली झोप लागली किंवा वेदना कमी झाल्या की त्या दिवशी बरं वाटतं. यात "आता पुढे काय?" हाही भाग असतो. दहा-पंधरा वर्षं सगळं आयुष्य एका तारखेभोवती बांधलेलं असतं. पैसे, नोकरी, नाती, सगळं त्या तारखेसाठी. ती तारीख उलटली की दिवसाला आकारच राहत नाही. म्हणून सर्जरीशी संबंध नसलेलं एखादं काम तीन महिन्यांनंतरच्या तारखेला आधीच ठरवून ठेवायला सांगते. संगणकाचा कोर्स, शिवणाची ऑर्डर, काहीही, पण तारखेसकट.

दुसरी, नैराश्याचा आजार. दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं. यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात : नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे जायचं. पण सर्जरीनंतर ती जशीच्या तशी वाचायची नाही. झोप, भूक, थकवा हे प्रश्न सर्जरीमुळेच गुण खातात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांकडे, रस आणि उदासी, जास्त लक्ष द्यायचं. आणि नववा प्रश्न, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, तिथे १ गुण आला तरी एकूण बेरजेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बोलायचं.

तिसरी, पश्चात्ताप. हा शब्द चौथ्या आठवड्यात बाई उच्चारते तेव्हा तिला विचारते : नेमकं काय नकोसं झालंय? उत्तर बहुतेक वेळा "हे दुखणं", "हे डायलेशन", "असं परावलंबी पडून राहणं" असं येतं. "स्त्रीचं शरीर नको होतं" हे उत्तर वेगळं आणि विरळा. तेही आलं तर घाबरून गप्प करायचं नाही, शांतपणे ऐकायचं. मात्र सूज आणि वेदना असेपर्यंत त्यावर कुठलाही निकाल द्यायचा नाही. बरीचशी सूज दोन-तीन महिन्यांत उतरते, अंतिम आकार आणि संवेदना कळायला वर्ष लागतं.

आणखी एक. काही औषधांनी, सर्ट्रालीनसारख्या, लैंगिक इच्छा आणि परमोच्च सुख दोन्ही मंदावतात. मग "सर्जरी फसली, काही जाणवतच नाही" असं वाटतं. नसा जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, त्यात मुंग्या आणि विजेसारख्या चमका येतात. औषधाचा वाटा किती ते मानसोपचारतज्ज्ञाला विचारा, औषध मनाने सोडू नका.

ताम्हण

@पारिजात, सगळं मान्य, पण एक काळजी वाटते. "सर्जरीनंतर समुपदेशन आवश्यक" असं पत्रकात लिहिलंत की उद्या हॉस्पिटलं तीच अट करतील. सर्जरीआधी लागणाऱ्या तज्ज्ञांच्या पत्रांच्या नावाखाली आधीच पुष्कळ अडवणूक झाली आहे. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थच्या मार्गदर्शक सूचनांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीने प्रौढांसाठी एका पत्रावर आणलं, तरी आपल्याकडे दोन-दोन मागतात. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ट्रान्स असण्याची बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढली आहे. समुपदेशन हा हक्क असू दे, परीक्षा नको.

पारिजात

ताम्हण, शब्दाला हरकत मान्य. "आवश्यक" काढा, "मागितल्यास मिळायलाच हवं" असं लिहा. पण मागणी आधीच नोंदवून ठेवावी असं माझं ठाम मत आहे. सर्जरीआधीच दुसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याची फोनवरची वेळ ठरवून ठेवायची. खचलेला माणूस स्वतःहून फोन करत नाही, त्याला फोन यावा लागतो.

समुपदेशक निवडताना पहिल्याच फोनवर विचारा : तुम्ही पूर्वी ट्रान्स स्त्रियांबरोबर काम केलंय का? डायलेशन म्हणजे काय माहीत आहे का? पन्नास मिनिटांपैकी चाळीस त्यांना शिकवण्यात जाणार असतील तर दुसरं नाव शोधा. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने यासाठी समुपदेशकांचे खास अभ्यासक्रम चालवले आहेत, तिथून शिकलेली माणसं पुण्या-मुंबईबाहेरही फोनवर भेटतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. कुणी "तुला पूर्ववत करतो" म्हणाला तर तिथून उठा. असला उपचार हा डॉक्टरकीतला गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलेलं आहे.

कणा

पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाखालच्या स्नायूंची, फिजिओथेरपी करते. डायलेशनचा मनाशी संबंध इथे अजून कुणी नीट जोडला नाही.

वेळापत्रक सर्जननुसार बदलतं, पण साधारण असं : पॅकिंग निघाल्यावर सुरुवात, पहिले तीन महिने दिवसातून तीनदा, सहा महिन्यांपर्यंत दोनदा, वर्षापर्यंत एकदा, पुढे आठवड्यातून एक-दोनदा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं आत, पण तयारी, धुणं, पुसणं धरून चाळीस मिनिटं जातात. म्हणजे दिवसाचे दोन तास. इतका वेळ रोज वेदनेच्या समोर बसायचं आहे, याची कल्पना आधी दिलेलीच नसते.

भीतीने ओटीपोटाखालचे स्नायू आवळले जातात, डायलेटर अडतो, जोर लावला की दुखतं, पुढच्या वेळी भीती वाढते, मग एक वेळ चुकवली जाते, चुकवल्याने जागा आकसते, आणि पुढची खेप खरोखरच जास्त दुखते. हे चक्र तोडायचं तर आधी पाच मिनिटं पोटातून श्वास, जबडा आणि मांड्या सैल, पाण्याचं वंगण सढळ हाताने (सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं वंगण चालत नाही, व्हॅसलीन नको), आणि सर्जनने दाखवलेल्या कोनातूनच. अडलं तर जोर न करता तिथेच थांबून श्वास सोडायचा, मिनिटभराने पुन्हा. मोठ्या मापावर घाईने जायचं नाही. एकदा चुकलं तर पुढच्या वेळी दुप्पट वेळ ठेवून "भरपाई" करायची नाही.

पूर्वी लैंगिक अत्याचार झालेला असेल तर डायलेशनच्या वेळी त्या आठवणी उसळू शकतात. अंग बधिर होतं, आपण तिथे नाहीच असं वाटतं. हा नाटकीपणा नव्हे. दिवा चालू ठेवा, डोळे उघडे ठेवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आणि समुपदेशकाला स्पष्ट सांगा. ज्यांना आत संबंध नकोच आहेत त्यांना खोली न ठेवता फक्त बाहेरची रचना करण्याचा पर्याय असतो, त्यात डायलेशन नसतं. हा पर्याय सर्जरीआधी मोकळेपणाने सांगितला जात नाही, याचा मला फार राग येतो.

रानमोगरा

कणा यांचा प्रतिसाद तसाच्या तसा छापा. घरातल्या व्यवस्थेचं मी जोडते.

दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असताना दिवसातून तीनदा दार लावून चाळीस मिनिटं आत बसायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. सर्जरीआधीच घरच्यांशी वेळा ठरवा : सकाळी सगळे उठायच्या आत, दुपारी जेवणानंतर, रात्री झोपताना. आतून कडी हवी. खाली अंथरायला जुन्या सुती साड्यांचे चौकोन, वेगळी बादली, साधा साबण, डायलेटर वाळवायला झाकणाचा डबा. गोल भोकाची उशी पहिले दोन महिने सगळीकडे सोबत. वेळ काढायला मालिका लावा, जाहिरातींसकट एक भाग म्हणजे एक वेळ. सासूसुनांची भांडणं कधी नव्हे ते उपयोगी पडतात :-)

आणि तिसऱ्या आठवड्यात मोबाइलवर दुसऱ्यांचे फोटो बघू नका. ते बहुधा वर्षानंतरचे असतात. आपली सूज एका बाजूला जास्त असते, रंग काळानिळा असतो, लघवीची धार वेडीवाकडी उडते. यातलं बरंचसं हळूहळू बसतं. धार फारच बारीक झाली किंवा जोर लावावा लागला तर मात्र वाट न बघता दाखवा, मूत्रद्वार आकसलेलं असू शकतं.

डेऱ्यातली_अक्का

तुमचं सगळं बरोबर आहे लेकरांनो, पण हे घरी राहणारीचं झालं. डेऱ्यावर, गुरूच्या घरी हिजड्यांच्या बिरादरीत, राहणारीचं कोण लिहिणार?

आमच्यात निर्वाण, म्हणजे हेच ऑपरेशन, झाल्यावर चाळीस दिवस चेलीला (शिष्येला) बसवतात. काम नाही, बाहेर जाणं नाही, खाणंपिणं गुरू बघते, चाळिसाव्या दिवशी हळद लावून जलसा. ही रीत चांगली आहे. चाळीस दिवस कुणीतरी जवळ बसलेलं असतं, हातात गरम ताट येतं, यापेक्षा मोठं औषध नाही. पण आता सर्जरीला लाखांनी पैसे लागतात, ते गुरूकडून नाहीतर सावकाराकडून उचललेले असतात. मग विसाव्या दिवशीच पोरगी मंगतीला (पैसे मागायला) सिग्नलवर उभी. टाके उसवतात, पॅड भिजतं, आणि मनाला वाटतं की एवढं करून पुन्हा तेच. माझं म्हणणं, उचल घेतानाच ठरवा : परतफेड सर्जरीनंतर तीन महिन्यांनी सुरू. चार जणींच्या समोर ठरवा.

दुसरं, दारू. रोज पिणारी पोरगी दवाखान्यात भरती झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. डॉक्टर म्हणतात डोकं फिरलं. आधीच खरं सांगा किती पिता ते, लाजू नका. तंबाखू, मशेरी, गुटखा पण.

निशिगंधा

अक्का, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मद्य अचानक थांबल्यावर पहिल्या ४८ तासांत झटके आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम येऊ शकतात, आणि तो जिवाशी खेळ असतो. आधी कळलं तर भरती होण्यापूर्वीच त्यावर औषध सुरू करता येतं. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, नवी त्वचा काळी पडून मरू शकते. म्हणून सर्जरीच्या चार ते सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर पूर्ण बंद. निकोटिनच्या च्युइंगममध्येही निकोटिनच असतं, तेव्हा तेही सर्जनला विचारून. मशेरी सोडल्यावरची चिडचिड सर्जरीच्या खात्यात मांडली जाऊ नये म्हणून ती आधीच सोडलेली बरी.

एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असणाऱ्यांसाठी : गोळ्या एक दिवसही थांबवू नका. त्यातली डोलुटेग्रॅव्हिर ही गोळी घेत असाल तर सर्जरीनंतर मिळालेलं लोह आणि कॅल्शियम रिकाम्या पोटी त्याच वेळी घेऊ नका. डोलुटेग्रॅव्हिर दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर तिन्ही जेवणासोबत. त्याने झोप उडत असेल तर सकाळी घेण्याबद्दल एआरटी केंद्रात विचारा.

बे_एरियातला_नाना

प्रश्न : बँकॉकला जाऊन सर्जरी करणाऱ्यांचं नंतर काय होतं? इथल्या मराठी मंडळींमध्येही चर्चा होते.

निशिगंधा

@नाना, परत आल्यावर "आम्ही केलेली सर्जरी नाही, आम्ही हात लावणार नाही" असं ऐकून घ्यावं लागतं, आणि पोरकं वाटण्याचं ते मोठं कारण असतं. निघण्यापूर्वी पूर्ण ऑपरेशन नोट मागून घ्या : कुठली पद्धत, त्वचेची की आतड्याची, किती खोली, कोणते टाके, डायलेटरची मापं मिलिमीटरमध्ये. आणि जाण्याआधीच गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाशी किंवा यूरोलॉजिस्टशी बोलून "परत आल्यावर तुमच्याकडे येईन" हे पक्कं करा. आतड्याची पद्धत असेल तर स्राव जास्त आणि कायमचा असतो. सांगितलेलं नसलं की बायका त्याला जंतुसंसर्ग समजून दिवसातून चारदा आतून धुतात आणि खरोखरचा संसर्ग ओढवून घेतात.

ताम्हण

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण त्यानेही झोप उडते. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याच्या सातव्या कलमात सर्जरीनंतर लिंगओळखीच्या सुधारित प्रमाणपत्राची तरतूद आहे. हॉस्पिटलच्या वैद्यकीय अधीक्षकांचं किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. हा कागद हॉस्पिटल सोडण्यापूर्वीच मागा, नंतर सही करणारे डॉक्टर बदलतात. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर सध्याचे नियम बघा. आधार, पॅन, बँक ही धावपळ पहिल्या सहा आठवड्यांत मुळीच करू नका. पंधराव्या कलमात सर्जरीच्या आधीच्या आणि नंतरच्या समुपदेशनाची सोय करणं सरकारचं कर्तव्य म्हटलं आहे, त्याचा आधार घेऊन जिल्हा रुग्णालयात लेखी मागणी करता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनेही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनेच धरलं पाहिजे.

नोकरीत रजेच्या दाखल्यावर सर्जरीचं नाव लिहायची सक्ती नाही. "शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती, आठ आठवडे, जड उचलणं वर्ज्य" पुरतं.

शिरीष_क

माझी मूळ शंका बरीच मिटली. एक विचारतो : ऑफिसात, रस्त्यावर लोक पूर्वीसारखंच "साहेब" म्हणत राहिले तर?

पारिजात

राहतातच. रस्त्यावरच्या माणसाला सर्जरी दिसत नाही, त्याला आवाज आणि चेहरा दिसतो. सर्जरीनंतर तेच संबोधन दुप्पट लागतं, कारण "आता तरी" अशी आशा असते. हे आधीच बोलून ठेवावं, आणि आवाजाचा सराव किंवा चेहऱ्यावरचे केस काढायचं लेझर राहिलं असेल तर त्याचे पैसे सर्जरीत संपवू नयेत. जोडीदारालाही सोबत बसवून सांगा, तीन महिने आणि सर्जनची परवानगी मिळेपर्यंत संबंध नाहीत. तो ऐकणारा नसेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि जबरदस्तीची भीती असेल तर तो काळ दुसऱ्या घरी काढायची सोय आधी करा.

वेणू_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाचा शेवटचा भाग असा लिहिलाय, चुका काढा :

"लगेच हॉस्पिटल (१०८) : १०० अंशांवर ताप, तासाला एक पॅड भिजेल एवढा रक्तस्राव, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप, लघवी अडणं, योनीतून वारा किंवा शौच येणं. लगेच माणूस जवळ आणि १४४१६ : मरायचे विचार, त्यासाठी जमवाजमव, दोन दिवस जेवण किंवा डायलेशन पूर्ण सोडलेलं, भास."

निशिगंधा

ताप १००.४ लिही. आणि मरायचे विचार असतील तर घरातल्या वेदनाशामकांची आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटं दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या, रोजच्या रोज एका दिवसाच्याच गोळ्या हातात. हे जरूर घाल.

ग्रंथीवैद्य

"सर्जरी झाली म्हणजे हार्मोन संपलं" हा गैरसमज खोडणारी एक ओळ हवी. वृषण काढल्यावर इस्ट्रोजेन वर्षानुवर्षं बंद राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. आणि प्रोस्टेट काढलेलं नसतं, हे पुढे कधी डॉक्टर बदलला तर त्याला सांगायचं.

डेऱ्यातली_अक्का

पत्रक छापशील गं, पण आमच्या अर्ध्या पोरींना वाचता येत नाही. आवाजात करून पाठव.

वेणू_मिरज

अक्का, बरोबर. तुम्हीच बोलाल का? तुमचा आवाज ऐकतील.

डेऱ्यातली_अक्का

बोलते की. चाळीस दिवसांचं, उचलीचं आणि दारूचं मी बोलते. गोळ्यांचं निशिगंधाने बोलावं.

कणा

तीन-तीन मिनिटांचे वेगळे तुकडे करा, म्हणजे हवा तो परत ऐकता येतो. श्वासाचा तुकडा मी करून देते, डायलेशन करताना कानाशी लावता येईल असा. फक्त कोन आवाजात सांगायचा नाही. तो सर्जनने किंवा नर्सने डिस्चार्जच्या आधी आरसा धरून दाखवायचा, आणि बाईने त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचा.